वाचकांचे प्रश्न : रोमचे अवशेष पाहायला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी

एखाद्या सत्रापुरते युरोपात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांची आणि घरी राहिलेल्या त्यांच्या पालकांची बरीच पत्रे या सदराकडे साठली होती. त्यांतली पुष्कळशी इटलीतील अभ्याससहलींविषयी असल्याने या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. प्राचीन इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे आणि विद्यार्थ्यांच्या तुकड्यांबरोबर या जागा काही वेळा पायाखाली घातल्यामुळे उत्तरांत माझे पक्षपात उतरले असतील, हे आधीच मान्य करते.

प्रश्न : मी एका सत्रासाठी रोममध्ये आले आहे. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी आम्हाला कलोसियम आणि रोमन फोरम दाखवले. कलोसियम पाहून डोळे दिपले, पण फोरममध्ये मला तुटके खांब आणि दगडांचे ढीग यांपलीकडे काही दिसले नाही. बाकीचे वहीत काहीतरी टिपून घेत होते आणि मी सावली शोधत होते. तिथे नेमके काय पाहायचे असते?

उत्तर : तुमची निराशा प्रामाणिक आहे आणि तिचे कारणही समजण्यासारखे आहे. कलोसियम ही एकच इमारत आहे. तिचे काम व्हेस्पेशियन या सम्राटाने सुरू केले आणि इ.स. ८०मध्ये त्याचा मुलगा टायटस याने तिचे उद्घाटन केले, त्यामुळे अर्धी पडलेली असली तरी ती डोळ्यांना एका दमात कळते. फोरमचे तसे नाही. टेकड्यांच्या मधल्या दलदलीच्या खोलगट जागेतील पाणी मोठ्या गटारातून टायबर नदीत सोडल्यावर तिथे बाजार आणि सभास्थान झाले, आणि पुढची हजारएक वर्षे प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीच्या डोक्यावर बांधकाम केले. साम्राज्य गेल्यावर ही जागा मातीने इतकी भरली की लोक तिला ‘गाईंचे कुरण’ म्हणू लागले. आज दिसते ते प्रामुख्याने १९व्या आणि २०व्या शतकांतील उत्खननकर्त्यांनी मोकळे केलेले आहे, आणि मोकळे करताना काय ठेवायचे व काय काढून टाकायचे हे त्यांनीच ठरवले. तुम्ही तिथे ‘एक शहर’ शोधत होता. तिथे एकाच जागेवर एकावर एक बसलेली अनेक शहरे आहेत, आणि तीसुद्धा कुणीतरी निवडून ठेवलेली.

म्हणून पुढच्या वेळी सगळा फोरम पाहण्याचा नाद सोडा आणि अंतोनायनस व फाउस्टिना यांच्या देवळासमोर अर्धा तास उभ्या राहा. समोर उंच खांबांची रांग दिसेल आणि तिच्या मागे एका चर्चचे दर्शनी अंग. त्या चर्चचा दरवाजा पाहा. देवळाच्या जमिनीपासून तो इतका वर आहे की शिडीशिवाय तिथे पोहोचता येणार नाही. वेडेपणाने कोणी दरवाजा हवेत बांधत नाही. तो बसवला तेव्हा माती तिथपर्यंत चढलेली होती आणि लोक सरळ चालत आत जात होते. म्हणजे हा लटकता दरवाजा ही मधल्या काळातील जमिनीची खूण आहे. खांबांच्या वरच्या भागात तिरप्या खाचा दिसतील. दोर बांधून ते खांब पाडण्याचा प्रयत्न झाला असावा, असे मानले जाते. देऊळ चर्च झाले म्हणून वाचले, नाहीतर त्याचेही दगड इतरांप्रमाणे चुन्याच्या भट्टीत किंवा दुसऱ्या कोणाच्या वाड्यात गेले असते.

आता कपाळपट्टीवरचा लेख पाहा. खालच्या ओळीत दिवंगत आणि देवत्वाला पोहोचलेल्या फाउस्टिनाचे नाव आहे. इ.स. १४१च्या सुमारास बायको गेल्यावर अंतोनायनस सम्राटाने तिच्यासाठी हे देऊळ बांधले. पुढे १६१मध्ये तो स्वतः वारला तेव्हा त्याचे नाव वरच्या पट्टीवर बसवण्यात आले. नवरा नंतर येऊन वरच्या जागेवर बसला, असे मी वर्गात सांगत असे आणि मुली हमखास हसत. पण त्या विनोदाने एक गोष्ट कायमची लक्षात राहत असे, ती म्हणजे लेखातही थर असतात.

तेथून टायटसच्या कमानीकडे चालत जा. मध्ययुगात ही कमान एका सरदार घराण्याच्या गढीच्या भिंतीत चिणली गेली होती. १९व्या शतकाच्या आरंभी वास्तुविशारद जुझेप्पे व्हालादिएर याने ती मोकळी करून पुन्हा उभी केली, तेव्हा गेलेले भाग त्याने मूळच्या संगमरवरात घडवले नाहीत, तर मुद्दाम वेगळ्या, ट्रॅव्हर्टाइन नावाच्या चुनखडीत, आणि कोरीवकाम न करता साधे ठेवले. दुरून कमान पूर्ण दिसते. जवळ गेल्यावर मूळ कोणते आणि भर कोणती हे कोणालाही न विचारता कळते. दुरुस्ती करणाऱ्याने खोटे बोलू नये, हा जीर्णोद्धाराचा नियम पुस्तकात वाचण्यापेक्षा इथे उभे राहून चटकन समजतो. एवढ्या दोन वास्तू नीट पाहिल्यात तर त्या दिवसाचे काम झाले असे समजावे. एकदा एका तुकडीला मी एका दिवसात सतरा स्मारके दाखवली होती. संध्याकाळी कोणालाही चार नावे धड आठवेनात, आणि त्यात दोष माझा होता.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमात लॅटिन नाही. प्रत्येक दगडावर काहीतरी कोरलेले असते आणि मार्गदर्शक जे सांगतील त्यावर विसंबावे लागते. थोड्या वेळात काही शिकता येईल का?

उत्तर : येईल, आणि तुम्हाला वाटते त्यापेक्षा लवकर. रोमन शिलालेख म्हणजे भाषेपेक्षा कार्यालयीन संक्षेपांचा मामला आहे. आपल्या सातबाऱ्याला जशी स्वतःची एक लिपी-लकब असते, तशीच. वीस-पंचवीस संक्षेप पाठ केले की निम्मे लेख तोंडओळखीचे होतात. ‘एफ’ म्हणजे पुत्र, ‘कॉस’ म्हणजे कॉन्सल (वर्षासाठी नेमला जाणारा सर्वोच्च अधिकारी), ‘इंप’ म्हणजे सम्राटाची पदवी, ‘डी एम’ ही थडग्यावरची सुरुवात, म्हणजे मृतांच्या आत्म्यांना अर्पण. ‘एस पी क्यू आर’ तर रोममध्ये गटारांच्या झाकणांवरसुद्धा आहे. सिनेट आणि रोमन जनता, असा त्याचा अर्थ.

पहिला धडा पँथिऑन या रोममधल्या प्राचीन देवळासमोर घ्यावा. दर्शनी पट्टीवरच्या मोठ्या अक्षरांचा अर्थ असा : लूशियसचा पुत्र मार्कस अग्रिप्पा याने, तिसऱ्यांदा कॉन्सल असताना, हे बांधले. अग्रिप्पाचे ते तिसरे कॉन्सलपद इ.स.पूर्व २७मधले, तेव्हा इमारतही त्याच वर्षांतली असा निष्कर्ष निघतो. तो साफ चुकीचा आहे. अग्रिप्पाचे देऊळ जळाले, पुन्हा बांधलेलेही जळाले, आणि आजची इमारत हेड्रियन सम्राटाच्या काळात, इ.स. १२६च्या सुमारास पुरी झाली. जुन्या बांधणाऱ्याचे नाव मात्र हेड्रियनने तसेच ठेवले. हे कळले कशावरून? मुख्यतः विटांवरून. रोमन वीटभट्ट्या कच्च्या विटेवर ठसा उमटवत, आणि काही ठशांत त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावे असत, इ.स. १२३च्या ठशांच्या विटा तर रोममध्ये ढिगांनी सापडतात. १९व्या शतकाच्या अखेरीस पँथिऑनच्या विटा तपासल्या गेल्या आणि शतकानुशतके वाचला जाणारा लेख दिशाभूल करणारा ठरला. दगडावर कोरलेले वाचायला शिका, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नका, हेही त्याच जागी शिकता येते. आत गेल्यावर ४३ मीटरहून थोडा अधिक व्यासाचा घुमट पाहा. लोखंडी सळ्यांशिवाय ओतलेले ते काँक्रीट आहे. पायाशी जड दगडांची खडी आणि वर जाताना हलकी होत गेलेली, शेवटी पाण्यावर तरंगेल असा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड.

दुसरा धडा फोरममधल्या सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीवर. इ.स. २०३मध्ये उभारलेली ही कमान सम्राट आणि त्याचे दोन पुत्र, काराकाला आणि गेटा, यांच्या गौरवासाठी होती. बाप गेल्यावर २११च्या अखेरीस काराकालाने धाकट्या भावाचा खून करवला आणि साम्राज्यभर त्याचे नाव पुसण्याचा हुकूम काढला. लेखाच्या चौथ्या ओळीत गेटाच्या नावाऐवजी दुसऱ्याच बिरुदांचे शब्द घातलेले आहेत. पण मूळ अक्षरे धातूची असल्याने ती बसवण्यासाठी पाडलेली भोके नव्या अक्षरांशी जुळत नाहीत. दुर्बीण न्या. खाडाखोड उघड दिसते, आणि ज्याचे नाव पुसायचे होते त्याचीच आठवण आज त्या ओळीवर सर्वांत जास्त निघते.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकी शिकतो. देवाणघेवाण कार्यक्रमात महाविद्यालयाने त्याला इटलीला पाठवले आहे आणि त्याच्या वेळापत्रकात ‘अवशेषांना भेट’ असे तीन पूर्ण दिवस आहेत. हा अभ्यास आहे की सरकारी खर्चाची सहल?

उत्तर : ते मुलावर आणि प्राध्यापकावर अवलंबून आहे. वर सांगितलेला घुमट, चुना आणि ज्वालामुखीची राख मिसळून पाण्याखालीही घट्ट होणारे काँक्रीट, शहराला पाणी पुरवणारे आणि मैलोन्‌मैल अगदी अल्प उतार राखणारे पाण्याचे पाट, हे स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पाहायचे नाही तर कोणी? त्याला एवढेच सांगा, की कलोसियमच्या भिंतींत असंख्य भोके का आहेत ते शोधून कळव. दगड एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी पकडी मध्ययुगात लोखंडासाठी उकरून काढल्या गेल्या, हे उत्तर त्याने फोनवर सांगितले तर तो सहलीत झोपला नव्हता.

प्रश्न : सत्रात आम्हाला एकच मोकळा शनिवार-रविवार मिळतो आहे. पोंपेई की ऑस्टिया? वर्गात दोन तट पडले आहेत आणि पोंपेईवाले अर्थातच जास्त आहेत.

उत्तर : पोंपेई पाहिल्याशिवाय परत येऊ नका, हे मी सांगायला नको. पण अभ्यासाच्या दृष्टीने ऑस्टियाची बाजू दुबळी नाही, आणि तिचा वकील कोणी नसल्यामुळे आधी तीच मांडते.

ऑस्टिया हे टायबरच्या मुखाशी असलेले रोमचे बंदर. रोममधल्या पिरामिड मेट्रो स्थानकाशेजारच्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून उपनगरी गाडीने अर्ध्या तासात तिथे पोहोचता येते आणि गर्दी क्वचितच असते. पोंपेईत मुख्यतः अंगणाभोवती पसरलेली बैठी घरे दिसतात. ऑस्टियात विटांच्या बहुमजली भाडेकरू चाळी आहेत, तळमजल्यावर दुकाने आणि बाजूने वर जाणारे जिने. रोम शहरातला सामान्य माणूस कसा राहत होता याची कल्पना रोमपेक्षा इथे चांगली येते. रंगमंडपामागचा चौक सोडू नका. त्याच्याभोवती साठाच्या आसपास लहान खोल्या आहेत आणि त्यांच्यासमोरच्या फरशीत काळ्या-पांढऱ्या चकत्यांची चित्रे : जहाजे, धान्याची मापे, दीपगृह, मासे. एका चित्रात हत्ती आहे आणि वर उत्तर आफ्रिकेतल्या साब्राथा शहराच्या लोकांचे नाव. अक्षरओळख नसलेल्या खलाशालाही आपल्या मुलखाचा व्यापारी कुठे बसतो ते कळावे, अशी ती व्यवस्था.

आणि ऑस्टिया एका दिवसात मेली नाही. नदीने गाळ टाकला, समुद्र दूर सरकला, व्यापार शेजारच्या नव्या बंदराकडे गेला, लोक पांगले. बहुतेक शहरे अशीच संपतात. पोंपेई हा अपवाद आहे, आणि अपवादावरून नियम शिकू नये हे आपण विद्यार्थ्यांना सांगत असतो. तरी ऑस्टियालाही डोळे मिटून मानू नका. १९४२च्या नियोजित जागतिक प्रदर्शनासाठी १९३८पासून तिथे घाईघाईने मोठे उत्खनन झाले, आणि साम्राज्याच्या वैभवाचा काळ गाठण्याच्या नादात वरचे, उतरत्या काळातले थर फारशी नोंद न ठेवता काढून टाकले गेले.

आता पोंपेई. तिथे जाताना ‘काळ गोठलेले शहर’ हा शब्दप्रयोग घरी ठेवून जा. शहर गाडणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इ.स. ७९च्या स्फोटाआधी सतराएक वर्षे तिथे जबर भूकंप झाला होता आणि पुष्कळ घरे दुरुस्तीत होती. एखाद्या खोलीत अर्धवट रंगवलेली भिंत दिसली तर ती त्या कथेचा भाग आहे. पुढे अठराव्या शतकापासून उत्खनन झाले, १९४३मध्ये दोस्त राष्ट्रांचे बॉम्ब पडले, नोव्हेंबर २०१०मध्ये ‘ग्लॅडिएटरांचे घर’ म्हणून ओळखली जाणारी इमारत पावसात कोसळली आणि त्यानंतर मोठा जतन-प्रकल्प हाती घेण्यात आला. म्हणजे जे ‘जसेच्या तसे’ वाटते त्यातली छपरे आणि भिंतींचे वरचे भाग पुष्कळदा नवे असतात. स्फोटाच्या तारखेबद्दलही वाद आहे. रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांवरून २४ ऑगस्ट ही तारीख रूढ झाली. पण २०१८मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यात १७ ऑक्टोबर ही तारीख येते, वर्ष मात्र नाही. कोळशाचे लिखाण भिंतीवर फार दिवस टिकणार नाही, तेव्हा ती ओळ स्फोटाच्या थोडीच आधीची असावी असा तर्क केला गेला, आणि त्यावरून अनेकांचा कल शरद ऋतूकडे झुकला. दिवसभराच्या सहलीत वादासाठी यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही.

रस्त्यांत मात्र वाद नाही. चाकांनी दगडात पाडलेल्या चाकोऱ्या, रस्ता ओलांडण्यासाठी ठेवलेले उंच दगड आणि त्यांच्यामधून चाके जातील एवढेच ठेवलेले अंतर, सार्वजनिक हौदाच्या काठावर पाणी पिताना टेकलेल्या हातांनी झिजलेली जागा. तुमचाही हात आपोआप तिथेच जातो. तर निकाल असा : शनिवारी पोंपेई, रविवारी दुपारपर्यंत ऑस्टिया. पाय दुखतील.

प्रश्न : पोंपेईत मृतांचे प्लास्टरचे पुतळे पाहून मी बाहेर आले. सहाध्यायी त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढत होते. मला ते सहन झाले नाही. मी अतिसंवेदनशील आहे का?

उत्तर : नाही. ते पुतळे नाहीत, हे प्रथम तुमच्या सहाध्यायांना सांगा. राखेत गाडलेली शरीरे कुजून गेल्यावर त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३मध्ये उत्खननाचे प्रमुख जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतण्याची रीत रूढ केली, आणि त्यामुळे शंभरावर माणसांचे आकार हाती लागले. त्यांतल्या पुष्कळांत खरी हाडे अजून आत आहेत. म्हणून तिथे शवाजवळ वागावे तसे वागणे योग्यच आहे.

पण तुमच्या अस्वस्थतेला एक शैक्षणिक बाजूही आहे. या आकारांकडे पाहून लोकांनी गोष्टी रचल्या : ही आई, हे तिचे मूल, त्या दोघी बहिणी. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात सोन्याच्या कड्याच्या घरातील ‘आई’ हा पुरुष निघाला आणि मांडीवरच्या मुलाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते. हातातल्या दागिन्यावरून बाई ठरवली गेली होती. कळवळा खरा होता, निष्कर्ष मात्र आपल्या सोयीचा. छायाचित्र काढायचेच असेल तर एकट्या आकाराचे, अभ्यासासाठी काढावे. स्वतःचा चेहरा त्यात असण्याचे कारण मला सुचत नाही.

प्रश्न : युरोपीय विद्यार्थ्यांना दोन युरोत प्रवेश आणि आम्हाला पूर्ण तिकीट, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. इटलीच्या सरकारी स्मारकांत १८ ते २५ वयाच्या युरोपीय संघाच्या नागरिकांना दोन युरोंचे सवलतीचे तिकीट मिळते. ती सवलत नागरिकत्वावर आहे, विद्यार्थी असण्यावर नाही, त्यामुळे नुसते महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवून खिडकीवर वाद घालू नका. १८ वर्षांखालील सर्वांना, कोणत्याही देशाचे असले तरी, प्रवेश मोफत आहे. मात्र युरोपीय संघातील विद्यापीठात पुरातत्त्व, कला-इतिहास, वास्तुकला यांसारख्या विषयांसाठी तुमची रीतसर नोंदणी झाली असेल, तर चालू वर्षाच्या नोंदणीच्या प्रमाणपत्रावर मोफत प्रवेशाची तरतूद आहे. ते प्रमाणपत्र विद्यापीठाच्या कार्यालयाकडून आधीच घ्यावे. कलोसियम, फोरम आणि पॅलाटिन टेकडी यांचे एकत्र तिकीट १८ युरोंचे असते. ऑक्टोबर २०२३पासून कलोसियमच्या तिकिटावर नाव छापलेले असते आणि प्रवेशद्वारी ओळखपत्र लागते. पोंपेईतही नोव्हेंबर २०२४पासून नावाची तिकिटे आणि दिवसाला २० हजार प्रेक्षकांची मर्यादा आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळीकडे मोफत असते, आणि त्या दिवशी आपण अवशेष नव्हे, माणसे पाहतो.

प्रश्न : आठवण म्हणून एखादा खडा किंवा खापराचा तुकडा उचलला तर काय बिघडते? तिथे लाखो पडलेले असतात. शिवाय दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी भिंतींवर नावे खरडली तर ती जपून ठेवतात, आणि आज कोणी खरडले की दंड! हा दुटप्पीपणा नव्हे काय?

उत्तर : पत्रलेखकाचा मिस्कीलपणा मला आवडला, सल्ला मात्र आवडला नाही. इटलीत जमिनीतून निघालेली पुरावस्तू १९०९च्या कायद्यापासून शासनाच्या मालकीची आहे. खापराचा तुकडाही तिच्यात आला. कायदा बाजूला ठेवला तरी खापराची किंमत त्याच्या जागेवर असते. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाले, हे कळले तर ते भिंतीचा काळ सांगते. तुमच्या टेबलावर ते फक्त खापर असते. पोंपेईच्या कार्यालयाकडे जगभरातून उचललेले दगड माफीच्या पत्रांसह टपालाने परत येत असतात. पुष्कळांनी लिहिलेले असते की दगड नेल्यापासून घरात काही धड झाले नाही. शाप-बिप काही नाही, पण ज्यांना कायद्याने आवरले नाही त्यांना भीतीने आवरले तर माझी तक्रार नाही. आणि परत आलेला दगड मूळ जागी लावता येत नाही, कारण ती जागा कोणालाच ठाऊक नसते.

खरडण्याविषयी. पोंपेईच्या भिंतींवर हजारो ओळी आहेत : निवडणुकीतल्या उमेदवारांचा प्रचार, प्रेमाच्या कबुल्या, शिव्या, हिशेब. त्या त्यांच्या स्वतःच्या शहराच्या, रोजच्या वापरातल्या गिलाव्यावर लिहिलेल्या आहेत. तुम्हाला तसेच करायचे असेल तर तुमच्या घराची भिंत आहे. दोन हजार वर्षांनी कोणीतरी ती काच लावून जपेल. २०२३च्या उन्हाळ्यात एका पर्यटकाने किल्लीने कलोसियमच्या भिंतीवर आपले आणि मैत्रिणीचे नाव कोरले, ते चित्रफितीत सापडले, आणि माफीपत्रात त्याने लिहिले की इमारत इतकी जुनी असल्याचे आपल्याला माहीत नव्हते. जानेवारी २०२४च्या कायद्याने अशा कृत्यांसाठीचे प्रशासकीय दंड १० हजारांपासून ६० हजार युरोंपर्यंत नेले आहेत, आणि फौजदारी खटला त्याहून वेगळा. विद्यार्थी परवान्यावर राहणाऱ्याला तो परवडणारा नाही.

प्रश्न : आमच्या गटात मी एकटीच भारतीय आहे. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने एका वस्तूवर सादरीकरण करायचे आहे. प्राध्यापक म्हणतात, तुझ्या देशाशी जोडणारे काहीतरी शोध. असे काही आहे का?

उत्तर : दोन जागा सुचवते. पहिली फोरममध्येच, मॅक्सेन्शियसच्या प्रचंड सभागृहाच्या खाली : तिथे डोमिशियन सम्राटाच्या काळातील मिरीच्या कोठारांचे अवशेष आहेत. मोसमी वाऱ्यांवर हिंदी महासागर ओलांडून तांबड्या समुद्रामार्गे येणारी भारतातील मिरी रोमच्या मध्यावर साठवली जात होती. थोरल्या प्लिनीने तक्रार केली आहे की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. हाच प्लिनी पुढे व्हेसुव्हियसच्या स्फोटात मरण पावला, आणि त्याच्याच भाच्याच्या पत्रांतून आपल्याला तो स्फोट कळतो.

दुसरी वस्तू त्याच स्फोटाखाली सापडली. १९३८मध्ये पोंपेईतल्या एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, सुमारे २५ सेंटिमीटर उंच, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना लहान परिचारिका. तिला ‘पोंपेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण लक्ष्मीची ठरलेली लक्षणे तिच्यात नसल्याने ती यक्षी असावी असे अनेकांचे मत आहे. तुमच्या सादरीकरणाचा पहिला प्रश्न इथेच तयार आहे. दुसरा प्रश्न ती आली कुठून. तळाशी खरोष्ठी या वायव्य भारतातल्या प्राचीन लिपीतले अक्षर आहे, म्हणून वायव्येकडचे नाव पुढे येते. पण तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात भोकरदन आणि तेर इथे सापडल्या आहेत, आणि सातवाहनकाळातील ही दोन्ही गावे व्यापारी मार्गांवर होती. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात ती ठेवलेली आहे. त्या दालनात कामुक विषयांच्या वस्तू आहेत आणि ती तिथे का, हा तिसरा प्रश्न. समोर उभ्या राहाल तेव्हा चेहऱ्याकडे पाहण्याआधी डोक्यावरचे भोक पाहा. ती पूजेची मूर्ती नव्हती. कुठल्यातरी आरशाची मूठ किंवा लहान टेबलाचा पाय असावी.